"उणे-उणे अधिक" पाठ आहे, तरी मुलगी −3 − 5 = 8 लिहिते. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की मुलगी सहावीत आहे, "उणे-उणे अधिक" तिला झोपेतसुद्धा म्हणता येतं, तरी −3 − 5 चं उत्तर ती 8 काढते. मी म्हणेन, "तरी" नाही, म्हणूनच काढते. दोन उणे दिसले की अधिक, एवढंच तिच्या डोक्यात बसलंय. तो नियम मुळात गुणाकाराचा, आणि पूर्णांकांचा गुणाकार आपल्याकडे सातवीत येतो. आधीच तो पोरांच्या हाती देतो आपणच, घाईघाईत.

मी बरीच वर्षं घरी शिकवण्या घेते. पहिले काही दिवस माझ्याकडे "मायनस" म्हणायला बंदी असते. संख्येला चिकटलेलं चिन्ह ते "ऋण", दोन संख्यांमधली क्रिया ती "वजा". 5 − (−3) म्हणजे "पाच वजा ऋण तीन". असं मोठ्यानं वाचायला लावलं की निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

हे शब्द काही पाठ्यपुस्तकवाल्यांनी काढलेले नाहीत. ब्रह्मगुप्तानं 628 मध्ये 'ब्राह्मस्फुटसिद्धांता'त धन आणि ऋण याच नावांनी नियम दिले. शून्यातून ऋण वजा केलं की धन, हेही त्यात आहे. ऋण म्हणजे कर्जच. त्यामुळे उधारीचं उदाहरण आयतंच मिळतं: वाण्याकडे तीन रुपये उधारी होती, आणखी पाचचं सामान उधार आणलं. आता खिशात आठ रुपये आले, असं कुठलंही पोर म्हणत नाही.

पण 5 − (−3) ला उधारी अडते. एका विद्यार्थिनीनं मला विचारलं होतं, "माझ्याकडे पाच रुपये आहेत, उधारी नाहीच, मग काढू काय?" बरोबरच होतं तिचं. तेव्हापासून मी चिंचोके वापरते. सारीपटाला घेतो तसे फोडून अर्धे करायचे: पांढरी बाजू वर असेल तर धन एक, काळी असेल तर ऋण एक. एक पांढरा आणि एक काळा मिळून शून्य.

आता पाच पांढरे मांडा. तीन काळे उचलायचेत, पण काळा एकही नाही. मग काळ्या-पांढऱ्याच्या तीन जोड्या आणून ठेवा. तीन शून्यं ठेवली, किंमत पाचच राहिली. आता तीन काळे उचला. उरले आठ पांढरे. उचलायचं तिनंच, तुम्ही हात लावायचा नाही!

संख्यारेषा त्यानंतर. मुलं ज्या घरावरून मोजायला सुरुवात करतात, तेही "एक" म्हणून मोजतात आणि उत्तर एकानं चुकतं, तेवढ्यावर लक्ष ठेवा.

गुणाकाराला मात्र उधारी आणू नका, उधारीला उधारीनं गुणायचं म्हणजे काय, ते मलाही सांगता येणार नाही. तिथे फक्त एकाखाली एक लिहा: 3 × (−4) = −12, 2 × (−4) = −8, 1 × (−4) = −4, 0 × (−4) = 0. दर ओळीला उत्तर चारनं वाढतंय. पुढची ओळ (−1) × (−4), ती तिला लिहू द्या. पण हे पुढच्या वर्षी.

आज रात्री तिचंच गणित घ्या. तीन काळे मांडायचे आणि पाच पांढरे उचलायचे. पांढरे नाहीत, म्हणून पाच जोड्या आणाव्या लागतील. पांढरे उचलून झाले की पाटावर काय उरलं, ते तिलाच मोजू द्या.