वाचकांचे प्रश्न : पाच किलो होईपर्यंत थांबावं का?

प्रश्न : नात पाच आठवड्यांची, वजन ३.१ किलो. नाशिकला इको (हृदयाची सोनोग्राफी) केला. ‘सुप्राकार्डियाक टीएपीव्हीसी, अडथळा नाही’ असा रिपोर्ट आला. डॉक्टर लगेच ऑपरेशन करा म्हणतात. पाच किलोची होईपर्यंत थांबलं तर चालेल का? (एक आजोबा, निफाड)

उत्तर : थांबू नका. टीएपीव्हीसी हा जन्मजात हृदयदोष. फुप्फुसांतून शुद्ध रक्त आणणाऱ्या चारही शिरा हृदयाच्या वरच्या डाव्या कप्प्यात न उघडता हृदयाच्या वरच्या बाजूला (सुप्राकार्डियाक) एका उभ्या शिरेवाटे अशुद्ध रक्तात मिसळताहेत. डावीकडे रक्त पोचतं ते वरच्या दोन कप्प्यांमधल्या छिद्रातून, तेवढ्यावरच सगळं चाललंय. फुप्फुसांवर जादा रक्ताचा भार येतो, दूध ओढताना धाप लागते, कपाळावर घाम फुटतो. वजन वाढत नाही ते यामुळेच. ऑपरेशनशिवाय अशी बहुतेक बाळं वर्षाच्या आत दगावतात.

हार्ट-लंग मशीनवर घेऊन बाळाचं अंग थंड करतात, हृदय थांबवतात. चारही शिरा जिथे एकत्र येतात ती पिशवी डाव्या कप्प्याच्या मागेच असते. दोन्हींना समोरासमोर चीर देऊन केसासारख्या बारीक धाग्यानं तोंडं जोडतात. उभी शीर बहुधा बांधून टाकतात, छिद्र पॅचनं बुजवतात. खरी मेख त्या सांध्यात आहे. तो अरुंद राहिला की रक्त फुप्फुसांत तुंबतं. सुरुवातीचे काही दिवस फुप्फुसांच्या धमन्या एकाएकी आवळू शकतात, म्हणून आयसीयूत बाळाला गुंगीत ठेवतात. ते पाहून घाबरू नका.

घरी आल्यावर सहा आठवडे बगलेत धरून उचलायचं नाही. एक हात मानेखाली, दुसरा ढुंगणाखाली. छातीला तेल-मालिश नको आणि धुरी तर नकोच, घरातल्या मोठ्यांनी कितीही आग्रह केला तरी. साधारण दहातल्या एका बाळाच्या शिरा पुढे पुन्हा अरुंद होतात, तेही बहुधा पहिल्याच वर्षात, आणि लक्षणं न्यूमोनियासारखी दिसतात. शांत झोपेतही मिनिटाला ६० च्या वर श्वास किंवा दूध अर्ध्यावर सोडणं दिसलं, तर सिरप बदलत बसण्याआधी इको करून घ्या.

खर्चासाठी जिल्हा रुग्णालयात आरबीएसके (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम) आणि महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा. रेशनकार्ड, जन्मदाखला आणि इकोचा रिपोर्ट सोबत न्या.

प्रश्न : जन्मानंतर पायाला यंत्र लावून ऑक्सिजन ९५ च्या वर आला, म्हणजे हृदय ठीक ना? (सिन्नर)

उत्तर : बहुधा, पण खात्री नव्हे. ही तपासणी २४ तासांनंतर, उजवा हात आणि पाय दोन्हींवर करायची. ९० च्या खाली आला तर लगेच इको. ९० ते ९४ असेल किंवा हातापायांत ३ पेक्षा जास्त फरक असेल तर तासाभरानं पुन्हा मोजायचं. आकडा चांगला असूनही बाळ दूध पिताना दमत असेल तर इको कराच.