पैलतीराचा पाहुणा : वाचकांचे प्रश्न

चोडण–रायबंदर फेरीबोटीच्या सुकाणूवर अठ्ठावीस वर्षं काढली, त्यातल्या निम्म्या रात्री आकाशाकडे बघण्यात गेल्या. निवृत्त झाल्यावर आठ इंची डॉब्सोनियन (साध्या फिरत्या बैठकीवर बसवलेली) दुर्बीण घेतली आणि हे सदर गळ्यात पडलं. या खेपेला आलेली बहुतेक पत्रं एकाच पाहुण्याबद्दल आहेत.

प्रश्न (डिचोलीची एक कॉलेजकन्या) : काका, ३आय/अ‍ॅटलस हा धूमकेतू सूर्यमालेबाहेरून आला म्हणतात. पण तो बाहेरचा हे कळलं कसं? एवढ्याशा ठिपक्याची वाट मोजतात तरी कशी?

बाय, काळोखात समोरून होडी येते तेव्हा होडी दिसत नाही, दिसतो तिचा कंदील. नुसतं त्याच्याकडे टक लावून तो हलतोय की नाही, काही केल्या कळत नाही. मागे पैलतीरावरचे दिवे असतात, त्यांच्याशी ताडून बघायचं. मघाशी धक्क्याच्या दिव्याखाली होता, आता दोन दिवे सोडून पुढे आला, म्हणजे चालतोय. धूमकेतूच्या मागे ताऱ्यांचे दिवे असतात, एवढाच फरक.

चिलीतल्या रिओ हुर्तादो इथल्या अ‍ॅटलस दुर्बिणीने १ जुलै २०२५ ला हा ठिपका टिपला. लगेच जुनी छायाचित्रं उपसली, तर जूनच्या मध्यापासून तो त्यांत होताच, फक्त कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. अशा जागा एकामागून एक मांडल्या की कक्षा निघते आणि कक्षेचा एक आकडा सगळी जन्मकुंडली सांगून टाकतो : उत्केंद्रता, म्हणजे वाट वर्तुळापासून किती वेगळी आहे याचं माप. ती एकाहून कमी असेल तर धूमकेतू घरचा, फिरून परत येणारा. एकाहून बरीच जास्त असेल तर परका, एकदाच येऊन जाणारा. याआधी बाहेरून आलेल्या दोन पाहुण्यांपैकी २०१७ च्या औमुआमुआची होती १.२, २०१९ च्या बोरिसोव्हची ३.४ च्या जवळपास. या बाबाची ६ च्याही वर! सूर्याच्या ओढीत शिरून बाहेर पडेपर्यंत त्याची वाट जेमतेम १९ अंशांनी वळणार. सूर्यमालेत शिरतानाच वेग सेकंदाला ५८ किलोमीटर. पणजीहून मडगावला जायला त्याला पुरता एक सेकंदही नको.

आता मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. एकाच तीरावरून बघितलं तर होडी नेमकी किती लांब आहे हे ठरवताना चूक होते. पलीकडच्या धक्क्यावरच्या माणसानेही त्याच वेळी सांगितलं की तिथून ती कुठल्या दिव्यासमोर दिसते, तर प्रश्नच मिटला. ३ ऑक्टोबरला धूमकेतू मंगळापासून सुमारे २.९ कोटी किलोमीटरवरून गेला, तेव्हा मंगळाभोवती फिरणाऱ्या युरोपीय ट्रेस गॅस ऑर्बिटरने त्याला टिपलं. ती निरीक्षणं पृथ्वीवरच्या निरीक्षणांना जोडल्यावर त्याच्या वाटेचं भाकीत दसपट नेमकं झालं. दुसऱ्या तीरावरचा साक्षीदार तो हा.

प्रश्न (पेडण्याचे एक निवृत्त शिक्षक) : ‘धूमकेतू उजळला’ हे वाचून दोन पहाटा अंगणात खुर्ची टाकून बसलो. डास चावले, धूमकेतू दिसला नाही. अकराव्या प्रतीचा म्हणजे नक्की किती?

गुरुजी, तुमची काही चूक नाही. चूक असलीच तर ‘उजळला’ या शब्दाची. प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा जितका मोठा तितका उजेड कमी. नुसत्या डोळ्यांना काळ्याकुट्ट आकाशात सहाव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात. पाच प्रती म्हणजे शंभरपट. अकराव्या प्रतीचा धूमकेतू त्या शेवटच्या ताऱ्याच्याही शंभरपट मंद. जुलैत तो अठराव्या प्रतीच्या आसपास होता, त्या मानाने उजळला हे खरंच आहे. पण अंगणात खुर्ची टाकून दिसण्याइतका तो कधीच नव्हता.

त्यात आणखी एक गोम आहे. आकडा सगळ्या उजेडाची बेरीज सांगतो. एका नारळाचा रस वाटीत ओतला तर पांढराशुभ्र दिसतो, तोच भल्यामोठ्या टोपातल्या हुमणात ओतला तर रंगच कळत नाही. ताऱ्याचा उजेड एका टिंबात असतो, धूमकेतूचा पसरलेला. त्यामुळे अकराव्या प्रतीचा तारा सापडतो आणि त्याच प्रतीचा धूमकेतू हुलकावणी देतो.

माझंच ऐका. १८ डिसेंबरच्या पहाटे चोडणला खाजनाच्या बांधावर दुर्बीण लावली. दक्षिणेला पणजीचा उजेड, वर धुकं. वहीत लिहिलं : ‘दिसला नाही.’ (हेही लिहायचं असतं, गुरुजी. तारीख, वेळ, आकाश कसं होतं तेही.) मग दुर्बीण गाडीत घालून केरी-सत्तरीला मावसभावाकडे गेलो, अंजुणे धरणाच्या बाजूला. २० तारखेची पहाट, अमावास्या. सिंह रास अगदी डोक्यावर. डॉब्सोनियन डोक्यावर वळवणं म्हणजे म्हशीला जिना चढवणं, पण पावणेपाचला मघेच्या पूर्वेला एक गोल, धुरकट बोळा सापडला. भावाला उठवलं, चहा झाला, चित्र काढलं, भोवतीचे पाच तारे मांडले. तासाभराने परत बघितलं, तर बोळा जागच्या जागी! धूमकेतू तासाभरात चंद्रबिंबाच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतका सरकायला हवा होता.

ती होती मेसिए ९६, एक दीर्घिका. शार्ल मेसिएने अठराव्या शतकात आपली यादी केली ती नेमकी धूमकेतू शोधणाऱ्यांनी असं फसू नये म्हणून, आणि मी त्या यादीतल्याच वस्तूला फसलो. तेवढ्यात पोदेराचा भोंगा वाजला, पूर्व उजळली. भाऊ पाव घ्यायला गेला तो हसतच.

दुसऱ्या दिवशी नकाशा नीट लावून बघितलं. होता, दीर्घिकेहून कितीतरी फिका, तिरप्या नजरेने बघितलं तरच जाणवणारा. प्रत ठरवायची रीत अशी : त्याचा फुगवटा डोळ्यांत साठवायचा, मग जवळच्या माहितीच्या प्रतीचा तारा फोकसमधून काढत काढत तेवढाच पसरवायचा आणि दोघांचा उजेड ताडायचा. मला साडेअकरा ते बारा वाटला. शेजारी दुसरा कुणी असता तर त्याने अर्धी प्रत इकडे-तिकडे सांगितली असती आणि दोघंही खरेच असते.

वाट गणिताने बांधता येते, उजेड बांधता येत नाही. धूमकेतू सूर्याच्या निम्म्या अंतरावर आला की सोळापट उजळतो असा जुना ढोबळ ठोकताळा आहे. ऑक्टोबरात हा सूर्याच्या पलीकडे गेला, जमिनीवरून दिसेना, तेव्हा सूर्यावर नजर ठेवणाऱ्या सोहो, स्टिरिओ आणि गोज-१९ या यानांनी त्याला पकडलं. निम्म्या अंतराला सोळापट हा चौथा घात झाला, हा तर साडेसातव्या घाताने उजळत होता! त्या हिशेबाने निम्म्या अंतराला जवळजवळ एकशे ऐंशी पट. सोळा कुठे, एकशे ऐंशी कुठे. म्हणून ‘अमुक तारखेला अमुक प्रत’ असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर मान डोलवा आणि आपली वही उघडा.

प्रश्न (म्हापशाचे एक दुकानदार) : ते परग्रहवासीयांचं यान आहे म्हणे. खरं काय?

धूमकेतू आहे. भोवती वायू आहे, धूळ आहे, शेपूट आहे. नोव्हेंबरच्या मध्यात आपल्या माउंट अबूच्या १.२ मीटर दुर्बिणीनेही त्याचा वर्णपट घेतला, त्यात इतर धूमकेतूंत सापडतात तेच सायनोजेन आणि कार्बनचे पट्टे निघाले. यान असतं तर १९ डिसेंबरला, पृथ्वीच्या सगळ्यात जवळ असताना, २७ कोटी किलोमीटर लांबून कशाला गेलं असतं? १६ मार्च २०२६ ला तो गुरूपासून साधारण साडेपाच कोटी किलोमीटरवरून जाईल. तोवर आठ इंची दुर्बिणीच्या आवाक्याबाहेर गेलेला असेल, तेव्हा त्या रात्री मला फोन करू नका. गुरू मात्र बघा, तो डोळ्यांनी दिसतो.