लँडिंगला विमान आपटले. संस्था 19 लाख मागते

प्रश्न : मी 22 वर्षांचा असून व्यावसायिक वैमानिकाचे प्रशिक्षण घेत आहे. तिसऱ्या सोलो (एकट्याने केलेल्या) उड्डाणात लँडिंग करताना विमान उसळून पुन्हा नाकावर आपटले, पुढचे चाक मोडले, प्रॉपेलर धावपट्टीला लागला आणि माझे मनगट मोडले. आडवा वारा वाढल्याचे मी उड्डाणापूर्वी प्रशिक्षकांना सांगितले होते. आता संस्था 19 लाख रुपये मागत असून, ‘अपघात माझ्याच चुकीने झाला’ असे लिहून दिल्याशिवाय लॉगबुक (माझ्या उड्डाणांची नोंदवही) देणार नाही, असे म्हणते. मी काय करावे?

उत्तर : सर्वप्रथम, त्या मजकुरावर सही करू नका.

‘मी शिकाऊ होतो’ एवढ्याच बचावावर मात्र विसंबू नका. इंग्लंडमधील नेटलशिप विरुद्ध वेस्टन या 1971 च्या निवाड्यात शिकाऊ मोटारचालकालाही निष्णात चालकाचाच निकष लावला गेला होता आणि तो आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नसला, तरी समोरचा वकील तो पुढे करू शकतो. त्याच निवाड्यात शेजारी बसून शिकवणाऱ्या व्यक्तीची भरपाई तिच्या स्वतःच्या हयगयीपोटी निम्मी करण्यात आली. हा भाग समोरचा वकील वाचून दाखवणार नाही, तो तुमच्या वकिलाने दाखवायचा. तुमचे प्रशिक्षक विमानात नव्हते हे खरे, परंतु वाऱ्याची कल्पना असूनही तुम्हाला एकट्याने सोडण्याचा निर्णय त्यांचाच होता. म्हणून त्या दिवशीची उड्डाण-परवानगीची नोंद, हवामानाची नोंद आणि आधीच्या ड्युअल (प्रशिक्षकासोबतच्या) उड्डाणांवरील त्यांचे शेरे यांच्या प्रती आजच लेखी मागा.

अधिकृत अपघात तपासणीत सत्य सांगण्यास कचरू नका. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतुकीविषयीच्या शिकागो कराराच्या परिशिष्ट 13 नुसार तिचा हेतू पुढील अपघात टाळण्याचा असतो, दोष किंवा दायित्व ठरवण्याचा नव्हे.

आता रकमेविषयी. फिरता प्रॉपेलर जमिनीला लागला की इंजिन उघडून तपासावे लागते, त्यामुळे खर्च मोठा दिसणे नवलाचे नाही; पण जुन्या इंजिनाचे रखडलेले ओव्हरहॉल (संपूर्ण खोलून केलेली दुरुस्ती) या निमित्ताने तुमच्या माथी मारले जात नाही ना, हे बिलातील प्रत्येक बाब पाहून तपासा. प्रवेशाच्या करारात ठरावीक रक्कम लिहिलेली असली, तरी भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 74 नुसार न्यायालय वाजवी भरपाईच देते आणि लिहिलेला आकडा ही तिची कमाल मर्यादा असते. विमानाचा विमा असल्यास तेच नुकसान संस्थेला दोनदा वसूल करता येत नाही. मात्र विमा कंपनी पैसे देऊन संस्थेच्या जागी उभी राहून तुमच्याकडून वसुली मागू शकते, तेव्हा पॉलिसीत शिकाऊ वैमानिकाला संरक्षण आहे का, हे आवर्जून विचारा.

विमान नियम, 1937 नुसार लॉगबुक ठेवण्याची जबाबदारी वैमानिकाची असते, त्यामुळे ते वसुलीसाठी तारणासारखे अडकवणे माझ्या मते बेकायदेशीर आहे. वकिलामार्फत 15 दिवसांची नोटीस द्या आणि तिची प्रत नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला पाठवा. ग्राहक आयोगाचा मार्ग मी लगेच सुचवणार नाही, कारण शैक्षणिक संस्था ग्राहक कायद्याच्या कक्षेत येत नाहीत असा निर्णय राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2020 मध्ये दिला असून, पहिला वाद त्यावरच अडेल.

मनगटाच्या भरपाईसाठी तुम्हालाही दिवाणी दावा करता येईल. त्यासाठी सर्वसाधारणपणे तीन वर्षांची मुदत असते, म्हणून एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड आणि औषधांची बिले आतापासून जपून ठेवा.