हलके ट्रेकिंग बूट पायाला सुखाचे असतात, पण सह्याद्रीत टिकतात का?

तुम्ही लिहिलंय की बहुतेक शनिवार-रविवारी पुण्याच्या आसपासचे गड करता, चामड्याचे जुने बूट आता जड वाटतात, दुकानात जाळीचे हलके बूट पायात घातले तर काढवेनात, पण ग्रुपमधले लोक म्हणतात की असले बूट एक पावसाळाही काढत नाहीत.

घ्या, बिनधास्त घ्या. एक-दोन दिवसांच्या ट्रेकला मी हलकेच बूट घालते आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगते. फक्त ते चामड्याच्या बुटांइतकी वर्षं काढतील अशी अपेक्षा धरू नका. हलक्या बुटाचं साधारण आयुष्य ५०० ते ८०० किलोमीटर धरतात. आपल्या काळ्या कातळावर आणि मुरमाच्या उतारांवर ते त्याहून कमी भरलं तरी मला त्यात फसवणूक वाटत नाही. आयुष्य कमी असेल तर चालेल, पकड कमी असून चालणार नाही. दोन्हींतून एक निवडायची वेळ येते, कारण टिकणारं कडक रबर ओल्या खडकावर सरकतं आणि खडकाला धरणारं मऊ रबर लवकर झिजतं. मी दरवेळी मऊ रबर निवडते.

वजनाचा फरक नुसता सोयीचा नाही. पायातल्या वजनाला पाठीवरच्या तेवढ्याच वजनाच्या चार ते सहा पट शक्ती लागते, असं लष्करी बुटांवरच्या जुन्या अभ्यासांत दिसलंय. ते वजन प्रत्येक पावलाला उचलायचं, पुढे न्यायचं आणि थांबवायचं असतं. कात्रज ते सिंहगडसारख्या ट्रेकला टेकड्यांमागून टेकड्या चढून-उतरून मांड्या भरून येतात, आणि थकलेला पाय नीट न उचलला गेल्यामुळे माणूस शेवटच्या उतारावर घसरतो. तिथे हलका बूट खरंच पडण्यापासून वाचवतो.

आता दुकानात काय बघायचं. एका हातात टाच आणि दुसऱ्यात पुढचं टोक धरून बूट वाकवा. बोटं जिथे सुरू होतात तिथेच तो वाकला पाहिजे. मधोमध दुमडला तर ठेवून द्या. मग तसाच पिळून बघा. ओलं फडकं पिळावं तसा सहज पिळला गेला, तर हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेसारख्या धोंड्यांच्या रस्त्यात तुमच्या तळव्यांना प्रत्येक दगड कळेल. तळाच्या रबरात नख रुतवून बघा, थोडं दबलं पाहिजे. ग्रिपच्या खाचा चार-पाच मिलिमीटर खोल आणि एकमेकींपासून लांब हव्यात, म्हणजे भाताच्या खाचरांतला चिखल अडकून न राहता चालता चालता पडून जातो. शेवाळलेल्या कातळावर मात्र कुठलंच रबर धरत नाही, मग तो बूट कितीही महाग असो. तिथे हात टेकवून बसत उतरायचं.

माप संध्याकाळी घ्या, दिवसभरात पाय थोडा सुजलेला असतो. ट्रेकचे जाड मोजे सोबत न्या. लहानपणापासून चपलेत वाढलेले आपले पाय पुढून पसरट असतात आणि परदेशी साच्यांचे बरेच बूट तिथेच आवळतात. लांबी बरोबर आणि रुंदी कमी असेल, तर एक नंबर मोठा घेण्यापेक्षा दुसरं मॉडेल बघा, नाहीतर टाच आत सरकत राहील आणि फोड येतील. नाडी बांधल्यावर दुकानातल्या पायऱ्या जोरात उतरून बघा. अंगठा पुढे आदळत असेल तर राजगडावरून खाली येईपर्यंत नख काळं पडणार, हे नक्की.

वॉटरप्रूफचा मोह आवरा. त्या बुटांच्या आत शिवलेला पातळ पडदा बाहेरचं पाणी अडवतो आणि आतली वाफ बाहेर सोडतो, पण वाफ बाहेर जायला बाहेरची हवा कोरडी लागते. जुलैतल्या मावळात ती कुठून येणार? शिवाय पाणी पॅन्टवरून आणि मोज्यातून वरूनच आत उतरतं, ओढा ओलांडताना तर बूट काठोकाठ भरतो आणि मग तेच पाणी पडद्यामुळे आत कोंडून राहतं. साध्या जाळीचा बूट भिजतो, पण चालता चालता पाणी बाहेर फेकतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बऱ्यापैकी सुकलेला असतो. जाळी घट्ट विणीची मात्र हवी. मोठ्या छिद्रांच्या जाळीत ऑक्टोबर-नोव्हेंबरात कुसळं घुसतात आणि प्रत्येक पावलाला टोचतात. मोजे फेकून द्यावे लागतात, पण जाळीत मोडलेली टोकं पुढचे कित्येक ट्रेक राहतात. पुढच्या टोकाला रबराची टोपी आणि बाजूंना स्वेडची पट्टी असेल तर सगळ्यात चांगलं.

घोट्यापर्यंतचे घ्यायचे का, हेही तुम्ही विचारलंय. खडे, कुसळं आणि आंबोलीसारख्या भागात जळवा बाहेर राहाव्यात म्हणून घ्या. घोटा मुरगळणार नाही या भरवशावर घेऊ नका. हलक्या बुटाची कॉलर मऊ असते, ती घोट्याला धरून ठेवू शकत नाही. पाय स्थिर राहतो तो टाचेभोवतीच्या कडक वाटीमुळे आणि जमिनीपासून फार उंच नसलेल्या तळामुळे. म्हणून कॉलरआधी टाचेची वाटी दाबून बघा.

टिकाऊपणाचं म्हणाल तर बूट बहुतेक वेळा डोंगरापेक्षा घरी मरतात. हलक्या बुटाचा सोल चिकटवलेला असतो. गडावरून आल्यावर ओले बूट पिशवीत बांधून ठेवले, किंवा उलट लवकर वाळावेत म्हणून कडक उन्हात नाहीतर चुलीजवळ ठेवले, की गोंद सुटतो. चिखल त्याच दिवशी साध्या पाण्याने आणि ब्रशने काढा, आतला सोल बाहेर काढून वेगळा वाळवा, बुटात रद्दीचे बोळे कोंबा आणि तासाभराने बदला, सावलीत पंख्याखाली ठेवा. एवढं केलं तर बूट नक्की जास्त चालतात. ऑफिसला, बाजारात तेच घालून फिरू नका, डांबरी रस्ता मऊ रबर भराभर खातो. पायथ्याच्या गावापर्यंत बाइकने जात असाल तर डाव्या बुटाचं नाक बघा. गिअर वर ओढून ओढून जाळी आधी तिथेच फाटते. गाडी चालवताना साधे बूट घाला किंवा तिथे रबराची पट्टी चिकटवून घ्या.

सोलची कड बुटाच्या बाजूला वर चढलेली असेल, तर नवे असतानाच मोच्याकडून मेणाच्या दोऱ्याने सभोवार शिवून घ्या. कमी पैशांत होणारं काम आहे आणि गोंद सुटला तरी सोल जागचा हलत नाही. वॉटरप्रूफ बूट असेल तर शिवू नका, सुई पडद्यातून गेली तर तिथून पाणी येईल.

बाद कधी करायचे, हे वरून दिसण्यावर ठरवू नका. तळाचं रबर आणि पाय यांच्यामधल्या फोमच्या थराला बाजूने आडव्या बारीक सुरकुत्या पडल्या, अंगठ्याने दाबल्यावर तो परत फुगेनासा झाला, किंवा एरवी न दुखणारे गुडघे उतारावर दुखायला लागले, म्हणजे फोम बसलाय. जाळी नवीकोरी दिसत असली तरी ते बूट आता घसाऱ्यावर नेऊ नका. दुसरा प्रकार जास्त धोक्याचा आहे. काही बुटांचा मधला थर पॉलियुरेथेनचा असतो. हवेतल्या दमटपणाने तो आतून कुजतो, न वापरताही. कपाटात काही वर्षं पडून राहिलेला चकचकीत बूट गडाच्या अर्ध्या वाटेत तळापासून सुटतो तो यामुळे. मुंबई-कोकणच्या हवेत हे लवकर होतं. म्हणून सेल लागला म्हणून दोन जोड घेऊन एक ठेवून द्यायचा, असं करू नका.

सॅकमध्ये तीन-चार मीटर नायलॉनची दोरी कायम ठेवा. सोल सुटलाच तर ती तळाच्या खाचांमधून दोनदा फिरवून, पायाच्या वरच्या बाजूला फुली मारून टाचेमागे घट्ट बांधा. गाठ तळाखाली येऊ देऊ नका, आणि दर अर्ध्या तासाने थांबून दोरी खडकावर घासून तुटत नाहीये ना ते बघा.