टीम सोडली त्याने, आता मी कुणाचा फॅन?

प्रश्न: दादा, मी सांगलीचा, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. लीग ऑफ लेजेंड्स (पाच-पाच जणांच्या टीमचा कॉम्प्युटर गेम) बघायला लागलो तेच मुळी टी-वन या कोरियन टीममधल्या झ्यूसमुळे. २ नोव्हेंबर २०२४ ला लंडनमध्ये वर्ल्ड्सची, म्हणजे या गेमच्या वर्ल्ड कपची फायनल होती, आपल्याकडे पाडवा, आई बाबांना ओवाळतेय आणि मी कोपऱ्यात मोबाइल धरून बसलेलो. टी-वनने चीनच्या बीएलजीला ३-२ हरवलं तेव्हा एवढा ओरडलो की आजी घाबरली. आणि त्याच महिन्यात झ्यूस टी-वन सोडून हानवा लाइफ या दुसऱ्या कोरियन टीमला गेला, मग मीपण त्याच्या मागे गेलो. मित्र गद्दार म्हणतात. त्याच्या जागी आलेल्या डोरानबद्दल तेव्हा चॅटमध्ये मी नको नको ते लिहिलं. टी-वनची हुडी कपाटात पडून आहे, घालवत नाही. मी चुकलो का?

उत्तर: अरे गद्दार कसला, तू ज्याच्यासाठी बघायला लागलास त्याच्या मागे गेलास, सरळ आहे. मुंबईतला पोरगा मुंबई इंडियन्सचा होतो कारण त्याला वानखेडे आहे, लोकल आहे, घरातले सगळे तेच बघतात. इथे काय आहे? कोरियाच्या लीगच्या नेहमीच्या मॅचेस वर्षानुवर्षं सेऊलमधल्या एकाच हॉलमध्ये होत आल्यात, सगळ्या टीम तिथेच येऊन खेळणार, म्हणजे कायमचं होमग्राउंड असं कुणाला नाहीच. सांगलीत बसून तुला टीम म्हणजे एक लोगो दिसतो, पण झ्यूस रोज स्ट्रीमवर दिसतो, हरला की त्याचा पडलेला चेहरा दिसतो, मग जीव लोगोवर जडेल की त्याच्यावर?

तुझ्या मित्रांना ही अडचण आलीच नाही कारण त्यांच्याकडे टी-वनचा स्टार फेकर आहे. तो २०१३ पासून एकाच टीममध्ये आहे आणि २०२९ पर्यंतचा करार करून बसलाय, त्यामुळे टीम आवडते की फेकर हे त्यांना कधी वेगळं करून बघावंच लागलं नाही. त्यांना विचार, उद्या फेकर गेला तर काय कराल. गप्प बसतील.

मी स्वतः डेफ्ट या कोरियन खेळाडूचा माणूस. फेकर आणि तो एकाच शाळेतले, पण डेफ्टला वर्ल्ड्स जिंकायला जवळजवळ १० वर्षं लागली. २०२२ मध्ये त्याची टीम डीआरएक्स अगदी खालून, प्ले-इनपासून म्हणजे मुख्य स्पर्धेआधीच्या फेरीपासून खेळत आली आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या फायनलमध्ये फेकरच्याच टी-वनला ३-२ हरवलं, मी रडलो होतो खरंच. आणि मग काही आठवड्यांत टीम फुटली, पाचातला फक्त बेरिल उरला. आता डीआरएक्सचा एकनिष्ठ फॅन म्हणजे कुणाचा फॅन, सांग ना. त्या रात्री जे पाच जण रडत होते त्यातले चार तर गेले निघून.

पण डोरानचं जे केलंस ते चुकलंच तुझं, आणि ते मी गोड करून सांगणार नाही. झ्यूसला काय त्याने हाकललं? रिकाम्या झालेल्या जागेवर तो खेळायला आला, एवढंच. रोहितची कॅप्टन्सी गेली म्हणून २०२४ च्या आयपीएलमध्ये वानखेडेवर हार्दिकला हूट केलं आपल्याच लोकांनी, आणि ४ जुलैला वर्ल्ड कप घेऊन आला तेव्हा त्याच वानखेडेवर हार्दिक हार्दिक चालू. मधल्या काळात त्या पोराने काय सोसलं असेल ते कुणी विचारलं नाही. डोरानपण तेवढं ऐकून २०२५ ला चेंगडूमध्ये टी-वनबरोबर वर्ल्ड्स जिंकला. कमेंट अजून तिथे असतील तर आज डिलीट कर. आणि हुडी घाल रे, त्या पाडव्याला तू खरंच टी-वनचा होतास, ते काही खोटं नव्हतं.

प्रश्न: माझा मुलगा आठवीत आहे. बीजीएमआय या मोबाइल गेममधला त्याचा आवडता खेळाडू टीम सोडून गेला तर दोन दिवस नीट जेवला नाही. आता जर्सी मागतोय. एका गेमसाठी एवढं? (एक आई, नाशिक)

उत्तर: ताई, जुलै २०२२ मध्ये बीजीएमआय फोनच्या स्टोअरमधून गेली ती थेट मे २०२३ मध्ये परत आली. ते दहा महिने टीमना हा गेम मोठ्या स्पर्धेत खेळायला जागाच नव्हती, पण खेळाडू दुसरे गेम घेऊन स्ट्रीमवर येत राहिले, गप्पा मारत राहिले, आणि पोरं त्यांना बघत राहिली. रोज संध्याकाळी घरी येणारा माणूस असतो ना, तसा तो झालेला असतो त्यांच्यासाठी. त्यामुळे रागवू नका, जेवायला बसल्यावर त्याला विचारा की तो खेळतो कसा, बघा किती बोलतो ते. आणि जर्सी घ्यायचीच असेल तर मागे त्या खेळाडूचं नाव असलेली घ्या, तो जेवला नाही तो त्या नावासाठी.