परीक्षा 'देतो', मग 'गिव्ह' का नाही?

प्रश्न : माझा मुलगा बारावीला आहे. निबंधात त्याने 'आय गेव्ह द एक्झाम' लिहिलं, तर बाईंनी 'गेव्ह' खोडून 'टूक' केलं. परीक्षा आपण देतोच ना?
– एक पालक, विटा

उत्तर : बाईंचं बरोबर आहे. इंग्रजीत परीक्षा 'गिव्ह' करतो तो शिक्षक. विद्यार्थी ती 'टेक' करतो. आपल्या देशात 'गिव्ह' सर्रास ऐकू येतं, पण परदेशी माणसाला तुमचा मुलगा परीक्षक वाटेल.

कुठलं क्रियापद वापरायचं ते पुढचं नाम ठरवतं. आपलं 'काढणे' घ्या. फोटो काढला तर 'टेक', चित्र काढलं तर 'ड्रॉ', बँकेतून पैसे काढले तर 'विथड्रॉ' आणि रानातली हळद काढली तर 'हार्वेस्ट'. गोळी आपण खातो, तिथेही 'टेक'च, 'ईट' नव्हे. सभा मात्र घेतली तरी 'होल्ड'. निर्णयाला 'मेक' जास्त रूढ आहे, ब्रिटिश वळणात 'टेक'ही चालतं, तेव्हा त्याचे गुण कापू नयेत.

खरी पडझड वेळेच्या वाक्यात होते. 'सांगलीहून मिरजेला जायला मला अर्धा तास लागला' म्हणजे 'इट टूक मी हाफ ॲन अवर टू गो फ्रॉम सांगली टू मिरज'. आधी इट, मग टूक, माणूस, वेळ, शेवटी टू आणि मूळ क्रियापद. मुलं सुरुवातीचं 'इट' गाळतात, नाहीतर 'हाफ ॲन अवर'नंतर उगाच 'टाइम' जोडतात.

प्रश्न : 'टेक अ फोटो' म्हणतात, मग 'टेक अ पार्ट' का नाही?
– विद्यार्थिनी, तासगाव

उत्तर : ही रूढी आहे, जोडी तशीच पाठ करायची. पार्ट, केअर, प्लेस यांच्याआधी 'अ' येत नाही; फोटो, रिस्क, ब्रेक यांच्याआधी येतो. मागचा शब्दही जोडीतच धरा : टेक पार्ट 'इन', टेक केअर 'ऑफ'. 'टेक प्लेस' म्हणजे घडणे, पार पडणे. त्याचा कर्मणी प्रयोग होत नाही, म्हणून 'द मॅच वॉज टेकन प्लेस' साफ चूक. 'द मॅच टूक प्लेस' एवढंच पुरे.

वहीत सुटा 'टेक' लिहू नका. पूर्ण वाक्य लिहा, खाली तेच भूतकाळात. आठवड्याने क्रियापदावर बोट ठेवून वाचा. नुसतं नाम पाहून क्रियापद तोंडात आलं नाही, तर ती जोडी पुन्हा नव्या वाक्यात घाला.