तलंग की कोंबडा, आणि खरोखर कडकनाथ का?

प्रश्न: फिरत्या विक्रेत्याकडून ‘कडकनाथ’ म्हणून घेतलेली आमची बारा पिले आता दहा आठवड्यांची झाली आहेत. काहींचे तुरे लाल होऊ लागले आहेत. त्यांतील नर-माद्या कशा ओळखाव्यात आणि पिले शुद्ध आहेत का?

उत्तर: एका पिलाकडे पाहून निर्णय घेऊ नये, बाराही पिले एकाच वयाची असल्याने ती शेजारी शेजारी धरून एकमेकांशी ताडून पाहावीत. या वयात नराचा तुरा व चोचीखालचे लोलक ठळक होतात आणि पायाच्या नळ्या जाड दिसतात, तर तलंगेचा, म्हणजे अंड्यावर न आलेल्या तरुण मादीचा, तुरा बराच काळ लहान आणि फिकट राहतो. तथापि सर्वांत भरवशाची खूण पिसांत असते आणि ती साधारण बाराव्या आठवड्यापासून स्पष्ट होते. सकाळी खुराड्यातून पिलू काढून उजेडात धरावे आणि शेपटीच्या मुळाशी, पाठीवर नव्याने आलेली पिसे बोटांनी उलगडून पाहावीत. ती लांब, अरुंद, टोकाला निमुळती आणि तकतकीत असतील तर तो कोंबडा. टोके गोलसर असतील तर ती तलंग. टोकदार अंड्यातून नर निघतो, ही समजूत मात्र सोडून द्यावी. पिलाचे लिंग अंड्याच्या आकारावर नव्हे, तर कोंबडीकडून आलेल्या गुणसूत्रावर ठरते.

जातीविषयीचे उत्तर आपल्या प्रश्नातच काही अंशी आले आहे. मध्य प्रदेशातील झाबुआ भागातील या जातीच्या मांसाला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिची कातडी, पाय, चोच व जीभ काळपट असते आणि तुराही जांभळट किंवा करडा असतो. त्यामुळे तुरा रक्तासारखा लालभडक होत असेल, तर संकराची शंका घ्यावी. नुसता पिसांचा काळा रंग पुरावा ठरत नाही, कारण ब्लॅक ऑस्ट्रालॉर्प ही दुसरी जातही काळीच असते. पंखाखालची कातडी पाहावी आणि चोच उघडून जीभ पाहावी.

येथे एक फसवी बाब आहे. कडकनाथ कोंबडा आणि फिक्या कातडीची, पिवळ्या पायांची कोंबडी यांच्या संकरात माद्या काळपट आणि नर फिके निघू शकतात, कारण कातडीतील काळेपणा रोखणारा गुण लिंगाशी निगडित असून तो आईकडून केवळ मुलग्यांकडे जातो. आपल्या बारांपैकी नेमके नरच फिकट कातडीचे आढळले, तर बहुधा हीच गोष्ट घडली असावी. अंडी काळी येतील, असे विक्रेत्याने सांगितले असल्यास तेही खोटे आहे. कडकनाथची अंडी फिकट तपकिरी असतात.

अंड्यांसाठी तलंगा ठेवायच्या असल्यास, बारा आठवडे पूर्ण होईपर्यंत कोणतेही पिलू विकू नये, आणि आईबापांची माहिती नसलेल्या कोंबड्यांची पिले पैदाशीसाठी कडकनाथ म्हणून इतरांना देऊ नयेत.